पडत्या भावाचे ऋण

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पैशाविषयी बोलू नये, असे आमची आजी सांगत असे. पूजा करावी, नमस्कार करावा, लाह्या-बत्तासे वाटावेत. पण हिशेब काढू नये. पाहुणी म्हणून आलेल्या लक्ष्मीची तिच्यासमोरच मोजदाद करणे तिला अपमानाचे वाटते, अशी आजीची समजूत होती. व्यापाऱ्यांच्या घरी नेमक्या त्याच संध्याकाळी हिशेबाच्या वह्यांची पूजा होते आणि मुंबईच्या शेअरबाजारात १९५७ सालापासून दिवाळीचे मुहूर्ताचे सौदे होत आले आहेत, हे आजीच्या गावीही नव्हते. तिचे जग लहान होते. परंतु लहान जगात राहणाऱ्या माणसांना काही गोष्टी आपल्यापेक्षा आधी समजलेल्या असतात. २०२१ च्या दिवाळीत मी तिचा हा नियम मोडला, आणि तो तिने का घातला असावा, हे त्याच रात्री मला थोडेसे उमगले.

आदल्या वर्षीची दिवाळी साथीच्या भीतीने प्रत्येकाने आपापल्या घरी, दारे लोटून साजरी केली होती. त्यामुळे त्या वर्षी आमच्याकडे माणसे हौसेने जमली. माझा मामेभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, ज्याला आम्ही सारे दादा म्हणतो, तो आणि वहिनीही आली होती. पूजा झाली, फराळाच्या ताटल्या फिरल्या, आणि बाजाराचा निर्देशांक साठ हजारांच्या घरात गेल्याची गोष्ट कुणीतरी काढली. मला तेवढेच निमित्त पुरले. निवृत्त प्राध्यापकाला श्रोते मिळाले की तो तास पुरा केल्याशिवाय थांबत नाही.

मी सांगितले : २३ मार्च २०२०, सोमवार. त्या एका दिवसात मुंबईचा निर्देशांक ३,९३५ अंशांनी, म्हणजे तेरा टक्क्यांहून अधिक कोसळला. व्यवहार काही काळ थांबवावे लागले. जो तो हातातले शेअर टाकून पळत सुटला होता. अशा वेळी मी शांतपणे कंपन्यांचे ताळेबंद वाचत बसलो होतो. घराघरांत जिचे नाव ठाऊक आहे अशा एका जुन्या कंपनीचे शेअर त्या आठवड्यात मी लाखभर रुपयांचे घेतले. आज त्यांचे सव्वादोन लाख झाले आहेत. 'लोक भितात, म्हणून शहाण्यांचे साधते', असे एक सुभाषितही मी शेवटी जोडून दिले. भाच्याने टाळी वाजवली. दादा मात्र, "जरा वाऱ्यावर बसतो," असे म्हणून गॅलरीत गेला.

थोड्या वेळाने पाणी प्यायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा वहिनी चकल्यांचा डबा लावीत होती. वर न पाहताच ती म्हणाली, "भावोजी, त्याच आठवड्यात आम्ही विकले. तेच शेअर."

ते शेअर मामीने पै-पै साठवून घेतलेले होते आणि जाताना सुनेच्या नावे करून ठेवले होते. टाळेबंदीत दादाचा छापखाना बंद पडला. लग्नपत्रिका नाहीत, शाळांच्या वह्या नाहीत, पावती-पुस्तके नाहीत. यंत्रे झाकून ठेवली, पण पाच माणसे झाकून ठेवता येत नव्हती. "मी म्हटलं, थोडं थांबू या. तर हे म्हणाले, माणसं एक तारखेला दारात उभी राहणार, त्यांना काय सांगू, भाव वाढू दे म्हणून?" डब्याचे झाकण दाबून बसवीत ती पुढे म्हणाली, "भिऊन नाही विकले हो आम्ही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला बरे वाटले असते. तक्रारीला उत्तर देता येते.

त्या रात्री पणत्या विझल्यानंतरही मला झोप आली नाही. दादाने विकलेले शेअर नेमके माझ्याच खात्यात आले असतील, असे म्हणायला काहीच आधार नव्हता. त्या आठवड्यात असंख्य लोकांनी विकले आणि असंख्यांनी घेतले. तरी त्यामुळे प्रश्न सुटत नव्हता. दादाचे नसतील, तर दुसऱ्या कुणाच्या तरी दादाचे असतील. प्रत्येक खरेदीच्या पलीकडच्या टोकाला एक विक्री असते आणि प्रत्येक विक्रीमागे एक माणूस. माझे सव्वादोन लाख ज्या भावातून उगवले, तो भाव कुणाच्या तरी अडचणीने पडलेला होता. मग मी केले ते शहाणपण होते, की दुसऱ्याच्या पडत्या काळाचा घेतलेला फायदा?

प्रथम मी काय केले होते ते नीट सांगतो. कारण शेअरबाजार म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर जुगाराचा अड्डा उभा राहतो. शेअर म्हणजे धंद्यातला हिस्सा. समजा, दादाच्या छापखान्याचे शंभर हिस्से केले आणि त्यांतला एक माझ्याकडे आला. त्या हिश्शाचे मोल कशावर ठरेल? यंत्रे कशी आहेत, गिऱ्हाइके किती जुनी आहेत, कर्ज किती, आणि येत्या दहा-वीस वर्षांत खर्च वजा जाता हाती काय उरेल, यांवर. आता समोरच्या चौकातला एखादा गृहस्थ रोज सकाळी ओरडून त्या हिश्शाचा भाव सांगू लागला. आज दोनशे, उद्या दीडशे, परवा तीनशे. तर छापखान्यातले यंत्र त्यामुळे जलद चालणार नाही की मंदावणार नाही. भाव ही चौकातली गोष्ट आहे, मोल ही छापखान्यातली. मोल अंदाजावे, भाव त्याच्या बराच खाली आला की घ्यावे आणि मग चौकाकडे पाठ करून बसावे, एवढाच हा मार्ग आहे.

हा मार्ग पद्धतशीरपणे मांडला बेंजामिन ग्रॅहॅम यांनी. लंडनमध्ये १८९४ साली जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेला हा माणूस कोलंबिया विद्यापीठात शिकवीत असे. वॉरन बफे हे त्यांचेच विद्यार्थी. डेव्हिड डॉड यांच्यासह १९३४ साली त्यांनी या विषयावरचा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि १९४९ साली सामान्य वाचकांसाठी दुसरे, सोपे पुस्तक. त्या दुसऱ्या पुस्तकात एक कल्पित गृहस्थ आहे. मी त्याला मनातल्या मनात 'बाजारराव' म्हणतो. हे बाजारराव तुमचे धंद्यातले भागीदार. स्वभावाने सौजन्यशील, पण मनाने अस्थिर. रोज तुमच्या दारी येतात आणि 'माझा हिस्सा घेता का, की तुमचा मला देता?' असे विचारून भाव सांगतात. एके दिवशी त्यांना सारे जग सोन्याचे दिसते, तेव्हा ते अवाच्या सवा भाव बोलतात. दुसऱ्या दिवशी सारे बुडणार असे वाटून ते मातीमोलाने द्यायला तयार होतात. तुम्ही नकार दिला तरी रागावत नाहीत. उद्या पुन्हा येतात. ग्रॅहॅम सांगतात : त्यांच्या लहरीचा लाभ घ्या, पण त्यांच्या लहरीने वागू नका.

यासोबत ग्रॅहॅम आणखी एक पथ्य सांगतात. आपला अंदाज चुकू शकतो. म्हणून मोलाच्या जवळपासच्या भावाने घेऊ नये, पुष्कळ अंतर राखून घ्यावे. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे समजावून सांगावे लागले नसते. तीन दिवसांच्या वाटेला निघताना ती चार दिवसांची शिदोरी बांधून घेत.

बाजाररावांची ही गोष्ट मी वर्गात आणि घरात अनेकदा सांगितली आहे. ती गोष्ट माणसाला तोल शिकवते, यात शंका नाही. परंतु त्या रात्री मला तिच्यातली एक सोय प्रथमच दिसली. या गोष्टीत समोरचा माणूस नाहीसा झालेला आहे. ज्याच्याकडून आपण स्वस्तात घेतो तो एक विक्षिप्त, लहरी, जवळजवळ विनोदी गृहस्थ आहे. त्याला बायकामुले नाहीत, त्याच्या दारात एक तारखेला पाच माणसे उभी राहत नाहीत. अशा माणसाकडून स्वस्तात घेताना मनाला कशाची बोचणी लागणार? वेड्याने रत्न फेकले, आपण उचलले. पण बाजारराव हा मुखवटा आहे. तो काढला तर आत एक चेहरा नसतो, लाखो चेहरे असतात. आणि त्यांतले सगळेच वेडे नसतात. त्यांतला एखादा आपल्यापेक्षा शहाणाही असतो. फक्त त्याच्यापाशी वेळ नसतो.

आणि गंमत अशी, की ज्याने हा मुखवटा घडवला त्याला तो चेहरा चांगला ठाऊक होता. ग्रॅहॅम लहान असतानाच वडील वारले. आईने घर चालवण्यासाठी नाना खटपटी केल्या. उसन्या पैशाच्या आधाराने तिने थोडे शेअरही घेतले होते. १९०७ सालच्या अमेरिकेतल्या घबराटीत ते सारे धुऊन गेले. त्या वर्षी तिचे पडलेले शेअर ज्यांनी घेतले असतील, त्यांनी पुढे आपल्या धीराच्या कथा आपल्या भाच्यांना सांगितल्याच असतील. पडत्या भावात घेण्याचे शास्त्र जगाला देणारा हा माणूस, पडत्या भावात जिचे गेले अशा आईचा मुलगा होता.

आमच्याकडे हा प्रश्न शेअरांच्या आधी जमिनीच्या रूपाने आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला, आणि मुंबईकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेल्या पैशाला मुंबईत वाट सापडेना. बँका, कंपन्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. बॅकबेच्या भरावासाठी निघालेल्या कंपनीच्या पाच हजारांच्या शेअराला पन्नास हजारांच्या आसपास भाव बोलला जाऊ लागला. १८६५ साली युद्ध संपले आणि तो मनोरा ढासळला. त्या तेजीचे अग्रणी प्रेमचंद रायचंद यांचे दिवाळे निघाले, आणि जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली. प्रेमचंदांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई मनोरा मात्र आजही मुंबई विद्यापीठाच्या आवारात वेळ दाखवीत उभा आहे. चढत्या काळात दिलेले तेवढे टिकले.

या तेजीमंदीची दुसरी बाजू देशावर दिसली. तेजीत पत सैल झाली होती. मंदी येताच ती आखडली. सारावाढीची भर पडली. कुणबी सावकाराच्या दारात गेला, आणि त्याची जमीन हळूहळू खतपत्रांच्या वाटेने निघून गेली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक उठले आणि त्यांनी सावकारांच्या घरांतले कागद काढून जाळले. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. पुष्कळ ठिकाणी सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले तर त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. लोकांचा राग माणसापेक्षा कागदावर होता. त्याच १८७५ साली, पुढच्याच जुलै महिन्यात, मुंबईच्या शेअरदलालांनी आपली संघटना स्थापन केली. आजचा मुंबई शेअरबाजार तो तीच. एका बाजूला कागद जळत होते, दुसऱ्या बाजूला कागदांच्या खरेदीविक्रीसाठी रीतसर घर बांधले जात होते. इतिहास असे योग जुळवून आणतो, आणि अर्थ लावण्याचे काम आपल्यावर सोडतो.

मी स्वतःला विचारले : सुप्याचा सावकार आणि मी, यांत फरक काय? त्यानेही अडलेल्याकडून स्वस्तात घेतले, मीही घेतले.

फरक आहे, आणि तो कबूल न करणे हा खोटा विनय होईल. सावकाराने बहुधा ती अडचण स्वतःच वाढवलेली असे. व्याजावर व्याज चढवून त्याने जो फास विणला, त्याच फासात सापडलेल्याची जमीन तो घेई. मार्च २०२० ची साथ मी आणली नव्हती. दुसरे, कुणब्याला दुसरा गिऱ्हाईक नव्हता. सावकार बोले तोच भाव. बाजारात तसे नसते. असंख्य घेणाऱ्यांत जो सर्वांत जास्त द्यायला तयार असतो, त्यालाच माल मिळतो. त्या आठवड्यात मी आणि माझ्यासारखे आणखी कुणी पुढे आले नसते, तर दादाला त्याहूनही कमी मिळाले असते. पडत्या बाजारात घेणारा हा पडणाऱ्या भिंतीला लावलेला टेकू असतो. तो फुकट टेकू देत नाही हे खरे. पण भिंत त्याच्यामुळे सावरते हेही खरे.

तिसरा फरक धोक्याचा. सावकाराला जमीन दिसत होती. पडत्या भावात शेअर घेणाऱ्याला पुढचे काहीच दिसत नसते. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध डाऊ निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ होता. नोव्हेंबरात तो १९८ पर्यंत उतरला. 'निम्म्या भावात मिळाले' म्हणून ज्यांनी तेव्हा घेतले असेल, त्यांना जुलै १९३२ मध्ये ४१ चा आकडा पाहावा लागला. जुनी उंची पुन्हा दिसायला १९५४ साल उजाडले. या पडझडीत स्वतः ग्रॅहॅम यांच्या हाताखालच्या निधीचे निम्म्याहून अधिक मोल गेले. स्वस्त दिसणारी प्रत्येक वस्तू स्वस्त नसते. काही नुसत्याच मोडीत निघालेल्या असतात. प्रत्येक पडझडीनंतर बाजार उठला, असे आपण म्हणतो, तेव्हा जे त्या पडझडीतून पुन्हा उठलेच नाहीत अशा धंद्यांची नावे कुणी वाचून दाखवीत नाही.

एवढे सारे मांडल्यावर मी निर्दोष ठरलो होतो. तर्काच्या न्यायासनासमोर मला सुटका मिळाली. तरी झोप येत नव्हती. तेव्हा मला माझ्या आजोळचे एक शेत आठवले.

आजोळी ओढ्याच्या कडेला एक काळेभोर वावर होते. त्याला सारे 'म्हातारीचे वावर' म्हणत. लहानपणी मला वाटे, तिथे एखादी हडळ राहत असावी. पुढे कळले की कोणत्याशा दुष्काळात आजोबांनी ते एका म्हातारीकडून घेतले होते. किती रुपयांना, हे घरात अभिमानाने सांगितले जाई; 'मातीच्या भावाने' हा शब्द त्या कथेचा कळस असे. म्हातारीचे नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. आजोबा सज्जन होते. त्यांनी फसवले नव्हते, व्याज लावले नव्हते, तिला दाणेही दिले असे म्हणत. पण तीन पिढ्यांनी तिचा भाव लक्षात ठेवला आणि तिचे नाव विसरले. ते वावर दादाच्याच घराण्याचे. ज्या घराण्याने एका पडत्या काळात घेतले, त्यानेच दुसऱ्या पडत्या काळात दिले. यात नियतीचा न्याय वगैरे मला दिसत नाही. मामीने साठवलेल्या पैशाचा म्हातारीच्या वावराशी काय संबंध? मला दिसले ते एवढेच, की 'मातीच्या भावाने' हा आजोबांच्या कथेतला शब्द आणि 'लोक भितात' हे माझे सुभाषित, यांची जात एकच होती. दोन्हींत घेणाऱ्याचे शहाणपण होते आणि देणाऱ्याचे नाव नव्हते.

मला बोचत होती ती खरेदी नव्हे; बोचत होता तो अभिमान. माझा धीर हा मी माझा गुण समजत होतो. वस्तुतः तो कुणाचा होता? दर महिन्याच्या पहिल्या तारखेला माझ्या खात्यात निवृत्तिवेतन जमा होते. साथ येवो, टाळेबंदी येवो, बाजार पडो, ते येते. मुले आपापल्या पायांवर उभी आहेत. घर स्वतःचे आहे. अशा माणसाने लाखभर रुपये पाच वर्षे विसरून जाणे याला धीर म्हणायचे असेल, तर भरल्या कणगीवर बसलेल्या उंदराला उपासतापासाचे श्रेय द्यावे लागेल. माझा धीर निवृत्तिवेतनाने विकत घेतलेला होता. दादाकडे मोल ओळखण्याची अक्कल माझ्याइतकीच होती. थांबावे हे वहिनीलाही कळत होते. पण त्यांच्या वेळेवर पाच कुटुंबांचा हक्क होता. मी थांबलो हा माझा गुण असेल, तर दादा थांबला नाही हा त्याचा त्याहून मोठा गुण होता. त्याने भावाकडे पाहिले नाही, मोलाकडे पाहिले. फक्त ते मोल कागदाचे नव्हते, माणसांचे होते.

यातून एक व्यावहारिक बोधही निघतो, आणि दिवाळीला घरची सारी मंडळी एकत्र बसतात म्हणून तो सांगून ठेवतो. ज्या पैशावर उद्याच्या दवाखान्याचा, शाळेच्या फीचा, नोकरांच्या पगाराचा हक्क आहे, तो पैसा बाजारात नेऊ नये. बाजाराची चंचलता ही लाट आहे. ज्याला किनाऱ्यावर परतायची घाई नाही त्याला ती झुलवते. घाई असलेल्याला बुडवते. माणूस बहुधा चुकीचा शेअर घेतल्याने जितका बुडत नाही, तितका चुकीच्या दिवशी विकावा लागल्याने बुडतो. परंतु हा बोध ज्यांच्याकडे शिलकीचा पैसा आहे त्यांनाच उपयोगी पडतो. ज्याच्याकडे नाही त्याला 'धीर धरा' म्हणून सांगणे, म्हणजे भुकेल्याला सावकाश जेवावे असे सांगण्यासारखे आहे.

सुप्याच्या दंग्यानंतर सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. त्या कायद्याने न्यायाधीशाला कागदाच्या मागे जाण्याचा अधिकार दिला. सही आहे, अंगठा आहे, रक्कम लिहिली आहे, एवढ्यावर निकाल देऊ नका. हा व्यवहार कसा सुरू झाला आणि कोणत्या अडचणीत कुणी काय लिहून दिले, ते पाहा, असे त्याचे सांगणे. शेअरबाजारात भावाच्या मागे जाता येत नाही. पूर्वी दलाल एकमेकांच्या तोंडावर ओरडून सौदे करीत, तेव्हा निदान दलालांचे चेहरे तरी दिसत. आता पडद्यावर आकडा उमटतो, बोट टेकते, आणि दोन अनोळखी माणसांच्या नशिबांची अदलाबदल क्षणात होऊन जाते. बाजाराची कार्यक्षमता या अनोळखीपणातच आहे, आणि ती असू द्यावी. परंतु यंत्राला भावाच्या मागे जाता येत नाही, म्हणून माणसानेही जाऊ नये असे थोडेच आहे?

या ठिकाणी, पहाटेच्या सुमारास, मला माझा खरा अपराध सापडला. तो मी उगीच खरेदीत शोधत होतो. त्या मार्च महिन्यात मी दहा-बारा कंपन्यांचे ताळेबंद वाचले. कोणाचे कर्ज किती, कोणाची रोकड किती दिवस पुरेल, कोणाचा कारखाना बंद राहिला तर काय होईल, याचा मी रात्री जागून हिशेब केला. आणि माझ्या सख्ख्या मामाच्या मुलाचा छापखाना बंद आहे, त्याची रोकड किती दिवस पुरेल, हे विचारायला मी एकदाही फोन उचलला नाही. लाखभर रुपये तेव्हा माझ्यापाशी मोकळे होते. मी ते दादाला वर्षभर हातउसने दिले असते, तर मामीचे शेअर घरातच राहिले असते. अनोळखी कंपनीचे मोल मी ओळखले. ओळखीच्या माणसाची अडचण ओळखली नाही. ग्रॅहॅमच्या पुस्तकात याला नाव नाही. आमच्या आजीपाशी असावे; म्हणूनच लक्ष्मीसमोर मोजदाद करू नये, असे ती सांगे. मोजायला बसले की मोजता न येणारे नजरेआड होते.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला मी दादाकडे गेलो. पैशाची गोष्ट काढली असती तर त्याने मला बाहेर काढले असते, म्हणून काढली नाही. आल्याचा चहा झाला. निघताना दारात वहिनीला म्हणालो, "वहिनी, काल मी बोललो ते चुकलं."

ती हसली. म्हणाली, "अहो, कुणीतरी घेतले म्हणून तर पगार झाले. घेणाऱ्याला मी तेव्हा नावं नाही ठेवली, आता कशाला ठेवू?"

रात्रभर मी तर्काने जो टेकूचा मुद्दा मांडला होता, तो तिने एका वाक्यात सांगून टाकला. फरक एवढाच, की मी मांडला तेव्हा ती सबब होती. तिने सांगितला तेव्हा ती क्षमा झाली.

तेव्हापासून मी पडत्या बाजारात घेणे सोडलेले नाही. सोडले असते तर ते ढोंग झाले असते. आणि मी सोडल्याने कुणा दादाला दोन पैसे अधिक मिळाले नसते. मात्र जी वही मी ठेवतो, कोणता शेअर कधी, कोणत्या भावाने आणि कोणत्या कारणाने घेतला त्याची, तिच्यात मी एक रकाना वाढवला आहे : 'विकणारा का विकत असेल?' हा रकाना नेहमी कोराच राहतो. कसा भरणार? पण त्या कोऱ्या जागेपाशी लेखणी क्षणभर थांबते, आणि सुभाषिते सुचेनाशी होतात.

४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, बाजार पुन्हा एकदा कोसळला. एका दिवसात ४,३९० अंशांनी. भाच्याचा फोन आला, "काका, आज घ्यायचा दिवस!" मी त्याला थोडे थांबायला सांगितले आणि आधी दादाला फोन लावला. इकडचे तिकडचे बोलून विचारले, "काय रे दादा, सगळं ठीक ना? काही अडचण?"

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्याचे ते छापखान्याच्या यंत्रासारखे खडखडाटी हसणे ऐकू आले.

"घाबरू नकोस," तो म्हणाला, "आता आमच्याकडे विकायला काही नाही. तू घे खुशाल. आणि दिवाळीला ये; यंदा कामं भरपूर आहेत, माणसं आता सात झालीत."